न शिवता मोजायचं कसं?

गाडी मागे घेताना आतला भोंगा टीं-टीं करू लागतो आणि भिंत जवळ येईल तशी त्याची घाई वाढत जाते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हापासून हा आवाज घरोघरी ओळखीचा झाला आहे. तो ऐकणाऱ्याला हमखास प्रश्न पडतो: भिंतीला न शिवता गाडीला अंतर कळतं कसं?

कारखान्यात हाच प्रश्न जागोजागी सोडवावा लागतो. टाकीत किती माल उरला? पट्ट्यावरून बाटली गेली की नाही? रोलरमधून धावणाऱ्या पत्र्याची जाडी आत्ता, या क्षणी किती आहे? हातात व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. माल धावता असतो, नाहीतर तापलेला असतो, नाहीतर इतका मऊ असतो की मायक्रोमीटरच्या चिमटीतच दबून जावा. टाकीत आम्ल असेल तर पट्टी बुडवून पाहायची सोयही नाही. म्हणून लांबूनच मोजावं लागतं, आणि त्यासाठी माणसाने दोन दूत कामाला लावले: आवाज आणि प्रकाश.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. या प्रकरणात भेटणारा एकही सेन्सर अंतर मोजत नाही. कुणी वेळ मोजतो, कुणी ठिपक्याची जागा पाहतो, कुणी प्रकाश कमी झाला की जास्त एवढंच सांगतो. मग काहीतरी गृहीत धरून त्यावरून अंतराचं गणित केलं जातं. गृहीत खरं असेपर्यंत उत्तर बरोबर येतं. ते डळमळलं की सेन्सर बिघडलेला नसतानाही बिनदिक्कत चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून प्रत्येक सेन्सरपाशी आपण दोनच गोष्टी विचारू: हा खरं काय मोजतो आणि काय धरून चालतो?

१. आवाज जातो आणि परत येतो

माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा तो श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच अल्ट्रासाउंड. कारखान्यातले अल्ट्रासॉनिक सेन्सर बहुधा ४० हजार ते ४ लाख हर्ट्झच्या दरम्यान काम करतात.

इतका उंच सूर कशाला? पहिलं कारण, यंत्रांचा खडखडाट मुख्यतः खालच्या सुरांत असतो, त्यामुळे सेन्सरला आपला आवाज त्यातून वेगळा काढता येतो. दुसरं, सूर जितका उंच तितकी लहर आखूड, आणि आखूड लहरींचा झोत अरुंद ठेवणं सोपं. ४० हजार हर्ट्झला हवेतली लहर सुमारे ८.६ मिलिमीटरची असते, २ लाख हर्ट्झला जेमतेम १.७ मिलिमीटरची. मात्र उंच सूर हवेत लवकर विरतो. म्हणून लांबचं मोजायला खालचा सूर आणि जवळचं बारकाईने मोजायला वरचा, अशी वाटणी असते.

कामाची रीत सोपी आहे. सेन्सर आवाजाची एक छोटी चिळकांडी सोडतो, घड्याळ सुरू करतो आणि प्रतिध्वनी आला की ते थांबवतो. समजा, प्रतिध्वनी १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात परत आला. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे त्याने एकूण ३.४३ मीटर कापले. हे जाऊन-येऊन झालं, म्हणून निम्मं करायचं: पृष्ठभाग १.७१५ मीटरवर आहे.

म्हणजे या सेन्सरने मोजली ती वेळ, आणि धरून चालला तो आवाजाचा वेग.

२. चकतीच्या आत

अल्ट्रासॉनिक सेन्सर जवळून पाहिला तर आत काही घडतंय असं वाटत नाही. अंगठ्याहून जाड, बाहेरून आटे पाडलेली धातूची नळी, पुढे करड्या किंवा पांढरट रंगाचं सपाट तोंड, मागे केबल आणि शेजारी एक बारीक दिवा. काही सेन्सरना कान लावला तर हलकी टिकटिक ऐकू येते. मूळ सूर ऐकू येत नाही. पण तो चालू-बंद होताना बसणारा झटका कानाला जाणवतो.

त्या तोंडामागे एका खास सिरॅमिकची चकती असते. तिला विजेचा दाब दिला की ती किंचित फुगते-आकसते, आणि तिच्यावर बाहेरून दाब पडला की ती वीज निर्माण करते. या गुणाला पिझोविद्युत म्हणतात. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झचे स्फटिक वापरून पाण्यात अल्ट्रासाउंड सोडला. एकच चकती बोलतेही आणि ऐकतेही, ही सोय तिथपासून चालत आली आहे.

पण एक अडचण आहे. सिरॅमिक घट्ट आणि जड, हवा विरळ आणि हलकी. अशा दोन पदार्थांच्या सीमेवर आवाजाची जवळजवळ सगळी ऊर्जा उलट फिरते. म्हणून चकती आणि हवा यांच्यामध्ये दोघांच्या मधल्या गुणांचा एक थर बसवतात. काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे राळेत कालवून तो बनवता येतो. बाहेरून दिसणारं करडं तोंड म्हणजे बहुधा हाच थर. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा ओढला की सेन्सरची ताकद कमी होते, ती यामुळेच.

आता बोलण्या-ऐकण्याचा गोंधळ. देवळातली घंटा वाजवून टोला थांबला तरी ती घुमत राहते, आणि तेवढ्यात कुणी कुजबुजलं तर ऐकू येत नाही. चकतीचंही तसंच आहे. वीज बंद केली तरी ती थोडा वेळ थरथरत राहते. ही थरथर १ मिलिसेकंद टिकली तर तेवढ्यात आवाज ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १७ सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूचा प्रतिध्वनी त्या घुमण्यात बुडून जातो. या पट्ट्याला आंधळा टापू म्हणतात. टाकीच्या झाकणावर सेन्सर थोडा उंच मानेवर बसवलेला दिसतो, तो याचसाठी: टाकी काठोकाठ भरली तरी द्रवाची पातळी या टापूत शिरू नये.

३. टाकी उन्हाळ्यात जास्त भरलेली का दिसते?

हवेतल्या आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ मीटरने चढतो. ४० अंशांना तो ३५५ मीटरच्या आसपास पोहोचतो.

मघाचंच उदाहरण घेऊ. टाकी पत्र्याच्या शेडखाली आहे, दुपारी आतली हवा ४० अंशांवर गेली आहे आणि सेन्सरच्या गणितात मात्र २० अंशांचा वेग कायमचा घातलेला आहे. प्रतिध्वनी १० मिलिसेकंदांनी आला. सेन्सर म्हणेल १.७१५ मीटर. खरं अंतर आहे सुमारे १.७७५ मीटर. फरक सुमारे ६ सेंटिमीटर. टाकीचा व्यास २ मीटर असेल तर या ६ सेंटिमीटरमध्ये सुमारे २०० लिटर द्रव मावतो. पृष्ठभाग खऱ्यापेक्षा जवळ दिसल्यामुळे टाकीत तेवढा माल जास्त आहे असं वाटेल. रात्री हवा गार झाली की हे २०० लिटर आपोआप ‘गायब’ होतील आणि गळती शोधायला माणसं धावतील!

म्हणून बऱ्याच सेन्सरमध्ये तापमापक बसवलेला असतो आणि वेग त्यानुसार सुधारला जातो. पण हा तापमापक सेन्सरच्या डोक्यात असतो, टाकीतल्या सगळ्या हवेत नाही. खाली गरम रस आणि वर गार झाकण असेल तर वाटेतली हवा थराथराने बदलते. अशा ठिकाणी ठरावीक अंतरावर एक आडवी पट्टी बसवून तिचाही प्रतिध्वनी घेता येतो. पट्टी किती लांब आहे हे माहीत असतं, त्यामुळे त्या क्षणीचा वेग तिच्यावरूनच काढता येतो. वेग धरून चालण्याऐवजी तोही मोजून घ्यायचा, अशी ही युक्ती.

द्रवाच्या वाफाही घोटाळा करतात. हवेच्या जागी दुसरा वायू भरला की वेग बदलतो, आणि निर्वात जागेत तर आवाज जातच नाही.

४. आवाज कुठे चालतो, कुठे अडतो

आवाजाला रंग कळत नाही आणि पारदर्शकही कळत नाही. स्वच्छ काच, पाणी, पारदर्शक फिल्म, काळं रबर, चकचकीत स्टील या सगळ्यांवरून तो सारखाच परततो. हवेत धूळ उडत असली तरी तो बराचसा निभावून नेतो. प्रकाशाची जिथे पंचाईत होते तिथे अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात, ते या गुणामुळे.

त्याचे वैरी वेगळे आहेत. फोम, लोकर, कापूस आवाज पिऊन टाकतात. द्रवावर जाड फेस आला तर प्रतिध्वनी एकतर फेसावरून येतो किंवा येतच नाही.

दुसरा वैरी म्हणजे कल. गुळगुळीत पृष्ठभाग ५ अंशांनी कलला तर प्रतिध्वनी १० अंशांनी वळतो. २ मीटरवरून परत येईपर्यंत तो सेन्सरपासून सुमारे ३५ सेंटिमीटर बाजूला पडतो, आणि सेन्सरच्या लेखी समोर काहीच नसतं. धान्याच्या किंवा खडीच्या ढिगाऱ्याचं मात्र उलट आहे. पृष्ठभाग खडबडीत असल्याने आवाज चहूकडे उधळतो आणि उतारावरूनही त्यातला थोडा परत येतो.

आवाजाचा एक उपयोग अंतराशी संबंधच नसलेला आहे. ऑफसेट छपाईच्या यंत्रात कागद एकेक करून जायला हवा. दोन चिकटून गेले तर एक कोरा राहतो आणि जाड पुड्याने यंत्रालाही इजा होऊ शकते. इथे कागदाच्या एका बाजूला बोलणारी चकती आणि दुसऱ्या बाजूला ऐकणारी चकती बसवतात. एक कागद थरथरतो आणि थोडा आवाज पलीकडे पोहोचवतो. दोन कागद असतील तर त्यांच्यामध्ये हवेचा अगदी पातळ थर अडकलेला असतो. कागद ते हवा, हवा ते कागद अशा सीमा वाढतात, प्रत्येक सीमेवर आवाज उलट फिरतो आणि पलीकडे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. कागद जाड की पातळ, छापलेला की कोरा, याने फारसं बिघडत नाही. मधली हवाच चहाडी करते.

५. आहे की नाही?

आता प्रकाशाकडे वळू. त्याला विचारायचा सगळ्यात साधा प्रश्न अंतराचा नसतो, ‘समोर काही आहे का’ एवढाच असतो. लिफ्टचं दार मिटताना मध्ये हात आला की ते उघडतं, ते याच प्रश्नाच्या उत्तरावर.

यात तीन मांडण्या आहेत. पहिलीत प्रकाश टाकणारा एका बाजूला आणि पाहणारा समोर. मध्ये वस्तू आली की प्रकाश तुटतो. ही सगळ्यात भरवशाची, पण वायर दोन्हीकडे ओढावी लागते. दुसरीत दोघेही एकाच डबीत आणि समोर रिफ्लेक्टर. तिसरीत रिफ्लेक्टरही नाही. वस्तूवरून जो थोडा प्रकाश परततो त्यावरच भागवायचं. ही बसवायला सोपी, पण पांढरा खोका लांबूनही दिसतो आणि काळा जवळ येऊनही दिसत नाही. कारण ती मोजते परत आलेला प्रकाश, आणि धरून चालते की सगळ्या वस्तू सारख्याच उजळ आहेत.

कारखान्यात ऊन येतं, ट्यूबलाइट असते. मग सेन्सर आपला प्रकाश ओळखतो कसा? त्याचा एलईडी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि पाहणारा तेवढ्याच तालातला प्रकाश मोजतो. ऊन स्थिर असतं. साध्या चोकची ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन्हींचा ताल जुळत नाही, म्हणून ते वजा होतात. तरी ऊन थेट डोळ्यात आलं तर पाहणारा दिपून जातो आणि मग ताल ओळखायलाही जागा उरत नाही.

चकचकीत डब्याची गंमत वेगळी. दुसऱ्या मांडणीत डबा स्वतःच आरशासारखा प्रकाश परतवतो आणि सेन्सरला वाटतं की रिफ्लेक्टर दिसतो आहे, म्हणजे मध्ये काही नाही. यावरचा उपाय सुरेख आहे. प्रकाश एकाच दिशेने कंप पावेल अशी गाळणी पुढे लावतात आणि पाहणाऱ्यापुढे आडव्या दिशेची गाळणी. साधा चकाकता पृष्ठभाग कंपनाची दिशा तशीच ठेवतो, म्हणून डब्यावरून आलेला प्रकाश दुसऱ्या गाळणीत अडतो. रिफ्लेक्टर मात्र बारीक तीनकोनी खळग्यांचा बनलेला असतो. त्यांत तीनदा आपटताना कंपनाची दिशा फिरते आणि प्रकाशाचा काही भाग आत शिरतो. डबा समोर असेपर्यंत अंधार, डबा गेला की उजेड. मोजणी बिनचूक होते.

६. ठिपका सरकतो

प्रकाशाने अंतर काढण्याची कारखान्यातली नेहमीची पद्धत वेळेची नाही, भूमितीची आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च भिंतीकडे सरळ धरा आणि डोळा टॉर्चच्या हातभर बाजूला ठेवून, नजर टॉर्चच्या दिशेला समांतर ठेवा. भिंतीजवळ जाल तसा ठिपका टॉर्चच्या बाजूला सरकतो आणि दूर जाल तसा नजरेच्या मध्याकडे येतो. टॉर्चच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी भिंग व त्यामागे प्रकाश टिपणारी पट्टी ठेवली की लेसर ट्रँग्युलेशन सेन्सर तयार झाला. काडेपेटीच्या आसपासच्या आकाराच्या डबीला दोन खिडक्या असतात: एकीतून लाल ठिपका बाहेर पडतो, दुसरी त्याच्याकडे पाहते.

आकडे घालून पाहू. लेसर आणि भिंग यांत ४० मिलिमीटर अंतर आहे आणि भिंगापासून पट्टी २० मिलिमीटर मागे आहे. सारख्या त्रिकोणांच्या नियमाने पट्टीवरचा ठिपका मध्यापासून (४० × २०) ÷ अंतर इतका बाजूला पडतो. वस्तू १०० मिलिमीटरवर असेल तर ८ मिलिमीटर. १०१ मिलिमीटरवर गेली तर ७.९२१. ठिपका ०.०७९ मिलिमीटर सरकला. पट्टीवरचा एकेक पिक्सेल ०.००५ मिलिमीटरचा असेल तर ही सरक जवळपास १६ पिक्सेलची झाली.

तीच वस्तू ४०० मिलिमीटरवर न्या. तिथूनही ती १ मिलिमीटर हलली तर ठिपका २.००० वरून १.९९५ वर येतो, म्हणजे फक्त एक पिक्सेल. अंतर चौपट झालं आणि बारकाई सोळा पटींनी घटली. म्हणून हे सेन्सर वस्तूपासून थोड्याच अंतरावर, ठरलेल्या पट्ट्यात वापरतात. ठिपका अनेक पिक्सेलांवर पसरलेला असतो, त्याचा मध्य काढून पिक्सेलच्या अंशापर्यंतही जाता येतं; जवळच्या कामात मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतचा बदल टिपता येतो.

गृहीत काय? ठिपका वस्तूच्या पृष्ठभागावरच आहे आणि पाहणाऱ्याला तो नीट दिसतो आहे. अर्धपारदर्शक प्लॅस्टिकमध्ये लाल प्रकाश आत झिरपतो आणि ठिपका पृष्ठभागाखाली असल्यासारखा वाटतो. तिथे निळा लेसर कमी आत शिरतो म्हणून बरा. लालबुंद तापलेल्या लोखंडाचा स्वतःचाच उजेड लाल असतो, त्यात लाल ठिपका हरवतो. तिथेही निळाच उपयोगी. आरशासारख्या पृष्ठभागावरून प्रकाश भलतीकडे जातो, त्यासाठी सेन्सर मुद्दाम तिरपा बसवावा लागतो. आणि अरुंद खाचेचा तळ मोजताना लेसर तळाशी पोहोचतो, पण पाहणाऱ्याच्या वाटेत खाचेची भिंत येते. अशा वेळी सेन्सर ९० अंशांनी फिरवायचा, म्हणजे दोन्ही खिडक्या खाचेच्या लांबीच्या दिशेत येतात आणि भिंत आड येत नाही.

प्रेसच्या शेजारी तेलाचा धुरळा असतो. खिडकीवर त्याचा पातळ थर बसला की ठिपका फिसकटतो आणि आकडे नाचू लागतात. सेन्सर बदलायच्या आधी मऊ कापडाने काच पुसून पाहावी.

यातले पुष्कळसे लेसर ‘क्लास २’चे असतात: दिसणारा प्रकाश, शक्ती १ मिलिवॉटपर्यंत. डोळ्यावर पडला तर पापणी पाव सेकंदात आपोआप मिटते, या हिशेबाने ती मर्यादा ठरली आहे. तेव्हा मुद्दाम टक लावून पाहायचं नाही.

७. प्रकाशाची वेळ

गोदामात ३० मीटरवरचा रॅक किंवा क्रेनची जागा मोजायची असेल तर त्रिकोण कामाचा नाही. तिथे आवाजाचीच युक्ती प्रकाशाला लावतात: जा, परत ये, वेळ सांग. पण प्रकाश हवेतल्या आवाजाहून सुमारे पावणेनऊ लाख पट वेगवान आहे. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात तो ३० सेंटिमीटर जातो. १ मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर ६.७ पिकोसेकंदांचा फरक कळायला हवा. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचाही हजारावा भाग.

इतकं बारीक घड्याळ ठेवण्यापेक्षा एक आडवाट आहे. प्रकाशाची तेजस्विता ठरावीक तालावर कमी-जास्त करायची आणि परत आलेला ताल मूळ तालाच्या किती मागे पडला ते पाहायचं. ताल सेकंदाला १ कोटी वेळा असेल तर एक लाट ३० मीटरची. जाऊन-येऊन म्हटलं तर दर १५ मीटरला तेच उत्तर परत येतं. पूर्ण आवर्तनाचे ३६० अंश धरले तर एका अंशाला सुमारे ४.२ सेंटिमीटर. ताल दहापट केला तर एका अंशाला ४ मिलिमीटर, पण उत्तर दर दीड मीटरला पुन्हा तेच. म्हणून दोन्ही ताल वापरतात: पहिला ढोबळ जागा सांगतो, दुसरा बारकावा भरतो.

या विचाराचं मूळ जुनं आहे. १८४९ मध्ये इपोलीत फिझो याने पॅरिसजवळ ७२० दात्यांच्या फिरत्या चाकातून प्रकाश सोडला आणि साडेआठ किलोमीटरहून लांबच्या आरशावरून परत आणला. चाक सेकंदाला १२.६ फेऱ्यांच्या आसपास फिरू लागलं तेव्हा फटीतून गेलेला प्रकाश परतताना पुढच्या दात्यावर आपटला आणि समोर अंधार झाला. फिझोला अंतर माहीत होतं, त्यावरून त्याने वेग काढला. आजचा सेन्सर वेग माहीत धरून अंतर काढतो.

आणि हे गृहीत आवाजाच्या गृहीतापेक्षा कितीतरी भक्कम आहे. हवेचं तापमान एका अंशाने बदललं तर प्रकाशाचा वेग साधारण दहा लाखांत एक भाग एवढाच बदलतो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या कोनी रिफ्लेक्टरवरून अडीच सेकंदांत परतणारा लेसरही याच भरवशावर चंद्राचं अंतर सांगतो.

८. सावली आणि रंग

तार ओढण्याच्या कारखान्यात तारेचा व्यास सतत पाहावा लागतो. इथे प्रकाशाचे किरण भिंगाने समांतर करून तारेवर टाकतात आणि पलीकडे पिक्सेलच्या पट्टीवर तिची सावली मोजतात. किरण समांतर असल्यामुळे तार पुढे-मागे थरथरली तरी सावलीची रुंदी तीच राहते.

काचेची जाडी काढायला रंगाची मदत होते. साध्या कॅमेऱ्यात भिंगाने वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर एकवटले तर तो दोष समजतात. क्रोमॅटिक कन्फोकल सेन्सरमध्ये तोच दोष मुद्दाम वाढवलेला असतो. पांढऱ्या प्रकाशातला जो रंग नेमका पृष्ठभागावर एकवटतो तोच बारीक छिद्रातून परत येतो. रंग कळला की अंतर कळलं. काचेला वरचा आणि खालचा असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून दोन रंग परततात. पण काचेत किरण वाकतात. १.५ अपवर्तनांकाची ३ मिलिमीटर काच अशी पाहिली तर सुमारे २ मिलिमीटरच भासते. काचेचा अपवर्तनांक सेन्सरला आधी सांगावा लागतो, आणि तो चुकीचा सांगितला तर जाडीही चुकते.

९. बारीक म्हणजे बरोबर नाही

माहितीपत्रकात तीन आकडे असतात आणि त्यांची सरमिसळ नेहमीची. सेन्सरला किती छोटा बदल जाणवतो, ते रेझोल्यूशन. तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली तर उत्तरं किती जवळजवळ येतात, ती पुनरावृत्ती. आणि उत्तर खऱ्या मापाच्या किती जवळ आहे, ती अचूकता. शेडखालच्या त्या तापलेल्या टाकीवरचा सेन्सर दर वेळी १.७१५ हाच आकडा देत होता: पुनरावृत्ती उत्तम, अचूकता वाईट. ही चूक सेन्सरकडे बघून कळत नाही. माहीत असलेल्या मापाशी, उदाहरणार्थ वर्कशॉपमधल्या स्लिप गेजशी ताडून पाहिलं तरच कळते.

आकडे थरथरत असतील तर सरासरी घेतात. थरथर निव्वळ योगायोगाची असेल तर १६ मापांची सरासरी ती चौथ्या हिश्श्यावर आणते. पण तेवढी मापं घ्यायला वेळ जातो. ३ मीटरवरून आवाज परतायला १७.५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ५७ च्या वर मापं मिळणारच नाहीत. सोळाची सरासरी घेतली तर सेकंदाला तीन-चार स्वतंत्र आकडे हाती येतात. सेकंदाला २ मीटर धावणाऱ्या पट्ट्यावर तेवढ्यात माल अर्ध्या मीटरहून पुढे निघून जातो. आणि आवाजाचा वेगच चुकीचा धरला असेल तर हजार मापांची सरासरीही तितकीच चुकीची येते.

हा आकडा यंत्रापर्यंत पोहोचवण्याची जुनी, अजून चालणारी पद्धत म्हणजे ४ ते २० मिलिॲम्पिअरचा प्रवाह. टाकी रिकामी तर ४, भरलेली तर २०, निम्मी तर १२. सुरुवात शून्यापासून का नाही? कारण वायर तुटली की प्रवाह शून्य होतो. शून्याला ‘टाकी रिकामी’ असा अर्थ दिला असता तर तुटलेली वायर आणि रिकामी टाकी एकसारखीच दिसली असती, आणि पंप भरलेल्या टाकीत आणखी माल ओतत राहिला असता.

१०. निवड करताना

एवढं लक्षात आलं की निवड सोपी होते. पारदर्शक बाटली, पाणी, रंग बदलणारे खोके: आवाज. फेस, कापूस, निर्वात पात्र: आवाज नको. जवळचं आणि मायक्रोमीटरमध्ये: त्रिकोण. दहा-वीस मीटर: प्रकाशाची वेळ. तार आणि नळी: सावली. काच आणि भिंग: रंग. वस्तूंची नुसती मोजदाद करायची असेल तर साधा एलईडी आणि रिफ्लेक्टर. त्यासाठी महागडा लेसर घेणं म्हणजे पैसे वाया.

पण यादी पाठ करण्यापेक्षा विक्रेत्याला तीन प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं. हा सेन्सर प्रत्यक्षात काय मोजतो? त्यावरून माझं माप काढताना काय धरून चालतो? माझ्या शेडमध्ये, मे महिन्यात, तेलाच्या धुरळ्यात, दुसऱ्या पाळीला ते गृहीत खरं राहतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात मिळतात. तिसऱ्याचं उत्तर शेडमध्ये काम करणाऱ्यांकडेच असतं, म्हणून सेन्सर ठरवताना यंत्रावरच्या ऑपरेटरला बोलवावं.